दहा घोट

नाकातून नळी आत गेली
तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी आलं.
"रडू नका, मॅडम," शबनम तांबोळी म्हणाली.
रडत नाहीये, नुसता प्रतिक्षेप आहे,
असं सांगायचं होतं मला,
पण घशात छत्तीस सेन्सर असताना
माणूस दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करत बसत नाही.

एरंडवणे, तिसरा मजला, मी उताणी.
पाच मिली पाणी. "गिळा."
पडद्यावर निळ्यातून एक तिरका पट्टा उतरला,
हिरवा, पिवळा, मध्येच लालभडक,
आणि तळाशी दार उघडून परत मिटलं.

अकरा वर्षं मी हीच लाट कागदावर काढली
पाषाणच्या त्या खोलीत, जिथे पंखा
फक्त दोनवर आणि पाचवर चालायचा.
नळी अनंत लांब. लाट साइनची.
जडत्व नगण्य मानलं;
नगण्य मानलं की समीकरण सुटतं.
माझ्या नळीला टोक नव्हतं, म्हणून पोट नव्हतं,
आणि तिला कुणी "गिळा" म्हणत नव्हतं.

"आता तीस सेकंद काही गिळायचं नाही.
लाळपण नाही.
दुसरा घोट लगेच आला
तर पहिली लाट वाटेतच विरते."
शबनमने हे सांगितलं
कुकरच्या शिट्ट्या सांगाव्यात तसं.
हे माझ्या मॉडेलमध्ये नव्हतं.
ताटातलं संपवून, बोलणी खाऊन,
वर आवंढा गिळून वाढलेल्या मुलीला
अर्धं मिनिट काहीच न गिळणं जड जातं.
आठव्या घोटाला मी चुकले.
"पुन्हा करू," ती म्हणाली, न रागावता.

मग ती नळी काढून दुसरी, बारीक.
खांद्याला डबी, गालाला चिकटपट्टी.
"चोवीस तास नेहमीसारखं जगा," डॉ. केंजळे म्हणाले,
"आंबट, तिखट, सगळं. जळजळलं की हे बटण."

नेहमीसारखं जगायला मी रिक्षा केली.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.
"ऑक्सिजन का, ताई?"
"नाही, हिशेब."
तो नळ स्टॉपपर्यंत गप्प.
तिथे मिसळ मागवली, कट वाढवून, मुद्दाम.
बटण दाबावं लागलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी उपळेकर सरांचा फोन.
पंचाहत्तरी आहे, रविवारी सत्कार,
"तू दोन शब्द बोलच."
आणि त्यांनीच आठवण काढली, प्रेमाने,
त्या पेपरची,
ज्यात लाट माझी होती
आणि मी होते आभारांत, शेवटून दुसऱ्या ओळीत,
आडनावाची वेलांटी चुकवून.
"हो सर," म्हटलं. "नक्की, सर."
बटण दाबलं.
डायरीत लिहिलं: ४.१०, छातीच्या मधोमध.
'काय खाल्लं' या रकान्यात
काही सुचेना.

गुरुवारी आलेख आला.
चार दहाला पीएच सहा पूर्णांक एक.
डॉक्टरांनी पेनचं टोपण तिथे टेकवलं.
"इथे आम्ल नाही.
जळलं खरंच असणार तुम्हाला,
पण आम्लाने नाही."
मग टोपण उजवीकडे सरकलं,
पहाटे तीन बारा, पीएच अडीच, सतरा मिनिटं.
"हे बघा, केवढं वर आलं होतं.
जाग नाही आली?"
नाही आली.
चांगली झोपले होते मी,
स्वप्नात कुठल्याशा लग्नात पंगत वाढत होते.

गोळ्या, पलंगाच्या उशाकडे दोन विटा,
रात्री उशिरा जेवू नका.
विटा समोरच्या बांधकामावरून मागून आणल्या,
वॉचमनने कशाला हे विचारलं नाही.

शनिवारी भाषण लिहायला घेतलं.
पहिलं वाक्य लिहिलं.
खरं होतं, आणि लहान.
दुसरं लगेच लिहिलं नाही.